तुलनेचा पट्टा नसेल तर ते प्रात्यक्षिक कसले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोहिणी निघायच्या सुमारास गावोगावी सोयाबीनच्या पीक प्रात्यक्षिकांच्या, म्हणजे नवी पद्धत शेतकऱ्याच्याच रानात करून दाखवायच्या प्लॉटच्या, याद्या पक्क्या होतात. बियाण्याची पिशवी, जिवाणू संवर्धकाची पाकिटे, बुरशीनाशकाची पुडी शेतकऱ्याच्या हाती पडते, सातबारा आणि आधारची प्रत घेतली जाते, फोटो निघतो. पुढे दसऱ्याच्या आसपास एखाद्या रस्त्याकडेच्या शेतात मंडप पडतो, पाहुणे येतात आणि ‘या प्लॉटला एकरी इतके क्विंटल’ असा आकडा सांगितला जातो. ऐकणाऱ्याच्या मनात तेव्हा एकच साधा प्रश्न असतो आणि तो बहुधा कोणी मोठ्याने विचारत नाही: हेच रान, हाच पाऊस, पण पेरणी नेहमीसारखी केली असती तर किती झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर त्याच शेतात, बाजूलाच, नेहमीच्या पद्धतीने पेरलेल्या तुलनेच्या पट्ट्यात उभे असायला हवे. ते नसेल तर जे झाले ते निविष्ठांचे, म्हणजे बियाणे-औषधांचे, वाटप. त्याला वाटप म्हणावे, आमची हरकत नाही. पण अहवालात त्याच्यापुढे ‘प्रात्यक्षिक’ लिहू नये.

मुळात ही कल्पना फुकट पिशवीची नव्हतीच. अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल गावी 1903 साली कृषी विस्ताराचे प्रवर्तक सीमन नॅप यांनी शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर, त्याच्याच हातून प्रयोग करवला, तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी निधी उभा केला होता तो नुकसान झालेच तर भरून देण्यासाठी. बियाणे वाटण्यासाठी नव्हे. आपल्याकडे 1964-65 मध्ये राष्ट्रीय प्रात्यक्षिके सुरू झाली तेव्हा कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांचा आग्रह ती लहान शेतकऱ्याच्या रानात घेण्याचा होता; मोठ्या बागायतदाराकडे पीक चांगले आले की लोक त्याचे श्रेय पैशाला देतात, पद्धतीला देत नाहीत. आज आपण या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या आहेत. पिशवी फुकट, जोखीम शेतकऱ्याची. आणि शेत निवडताना पहिला निकष, गाडी बांधापर्यंत जाते का.

येत्या खरिपात लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोली भागात सर्वाधिक प्लॉट रुंद वरंबा-सरीचे, म्हणजे बोलीभाषेत बीबीएफचे, पडतील. यात चार ओळी एका रुंद वरंब्यावर येतात आणि दोन वरंब्यांमध्ये पाणी काढून देणारी सरी असते. म्हणून सोयाबीन आणि बीबीएफ हेच उदाहरण घेऊन, तुलना कुठे फसते आणि ती कशी नीट मांडता येते, ते सविस्तर लिहीत आहोत.

पहिली चूक आखणीतच होते. बहुतेक शेतांत वरची बाजू मुरमाड, हलकी आणि खालची बाजू भारी, ओल धरणारी असते. पेरणी उताराला आडवी करायची म्हणून शेताचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले, तर एका पट्ट्याला हलकी जमीन आणि दुसऱ्याला भारी जमीन मिळते. मग शेवटी आपण मोजतो ती मातीतली तफावत, पेरणीतली नव्हे. यावर उपाय सोपा आहे. शेताची विभागणी करणारी रेघ उताराच्या दिशेने, वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत मारावी. डावीकडे बीबीएफ, उजवीकडे नेहमीची पेरणी. दोन्हीकडे ओळी मात्र उताराला आडव्याच. म्हणजे हलकी, मध्यम, भारी अशी सगळी जमीन दोन्ही पट्ट्यांच्या वाट्याला सारखी येते. मधल्या रेघेवर फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढावा आणि तो खालच्या बांधाला नाल्याकडे फोडून द्यावा. हा चर नसेल तर बीबीएफच्या सऱ्यांचे पाणी शेजारच्या पट्ट्यात शिरते, तिथले पीक पिवळे पडते आणि बघा किती फरक पडला म्हणून आपणच टाळ्या वाजवतो. तो फरक आपण ओतलेल्या पाण्याचा असतो.

ट्रॅक्टर वळवायला दोन्ही टोकांना पाच-सहा मीटर जागा लागते. तिथली माती दबते, बियाणे दुहेरी पडते किंवा पडतच नाही. त्या जागेत कापणीचा प्रयोग घेऊ नये. कडुनिंब, बाभळीची सावली, जनावरांची वाट, विहिरीवरून झिरपणारे पाणी, जुन्या उकिरड्याची जागा हे सगळे पेरणीआधी कागदावर काढून ठेवावे. तुलनेचा पट्टा किमान 15 गुंठ्यांचा तरी हवा. दोन-चार गुंठ्यांत कडेच्या ओळींचाच प्रभाव इतका असतो की आकड्याला अर्थ राहत नाही.

शेजारच्या शेतकऱ्याचे शेत तुलनेला घेण्याची पद्धत सर्रास आहे, कारण त्यात कष्ट नाहीत. पण शेजाऱ्याने पेरले दुसऱ्या दिवशी, वाण वेगळे, बियाणे घरचे, मागचे पीक वेगळे. एमएयूएस 158 हे वाण साधारण 95 दिवसांत निघते आणि फुले संगम हे वाण शंभरी ओलांडते. सप्टेंबरअखेरचा एखादा पाऊस एकाला शेंगा भरताना सापडतो आणि दुसऱ्याला कापणीत गाठतो. अशा दोन शेतांच्या उताऱ्यातील फरकाला अहवालात ‘विस्तार दरी’ म्हणून टक्केवारी लावली जाते. त्या दरीत नेमके काय काय पडले आहे हे सांगणे कोणालाच शक्य नसते.

दुसरी चूक म्हणजे एकाच प्लॉटमध्ये सात गोष्टी बदलणे: नवे वाण, प्रमाणित बियाणे, बीजप्रक्रिया, बीबीएफ, वेगळी खतमात्रा, तणनाशक, वरून फवारणी. उत्पादन वाढलेच तर कशाने? शेतकरी सातही गोष्टी उचलत नाही. हाताशी पैसा आणि यंत्र असेल तितक्या दोन उचलतो, आणि त्या नेमक्या निरुपयोगी दोन असू शकतात. शेत एकराहून मोठे असेल तर तीन पट्टे करावेत. पहिला सर्वस्वी नेहमीच्या पद्धतीचा. दुसऱ्यात पेरणी नेहमीचीच, पण बियाणे तपासलेले आणि प्रक्रिया केलेले. तिसऱ्यात तेच बियाणे, तीच प्रक्रिया आणि बीबीएफ. पायरीपायरीने किती वाढले ते डोळ्यांना दिसते. तीन पट्टे जमत नसतील तर वाण, खत, तणनाशक, फवारणी सगळे दोन्ही पट्ट्यांत सारखे ठेवून फक्त पेरणीची पद्धत बदलावी. खताचे उदाहरण घ्यायचे तर मराठवाड्यासाठी हेक्टरी 30:60:30 (किलो नत्र, स्फुरद, पालाश) ही शिफारस एकरी 26 किलो युरिया, 150 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश यांतून भागते, सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते. हीच मात्रा दोन्हीकडे. एका पट्ट्यात सुपर आणि दुसऱ्यात गंधक नसलेले डीएपी खत पडले की गंधकाचा फरक बीबीएफच्या खात्यावर जमा होतो.

आता बियाणे. पिशवीवरच्या खुणेवर विसंबून पेरणी करू नये. सोयाबीनचे टरफल नाजूक, ट्रकमधून पोते आपटले तरी उगवण घटते. म्हणून उगवण चाचणी पिशवी गावात आल्यानंतर घ्यायची. ओले गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या दहा रांगांत शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि पाच-सहा दिवसांनी निरोगी कोंब मोजायचे. एका गुंडाळीवर भरवसा नको, तीन-चार कराव्यात. हे काम शाळेतली पोरेसुद्धा करतात. होत नाही ते केवळ पिशव्या पेरणीच्या आदल्या दिवशी पोहोचतात म्हणून.

पेरणीचे प्रमाण या चाचणीवरून ठरते. 45 बाय 5 सेंमी अंतराने एकरात सुमारे 1 लाख 78 हजार झाडे बसतात, म्हणजे ओळीच्या एका मीटरमध्ये 20. शंभर दाण्यांचे वजन 12 ग्रॅम धरले तर किलोत साधारण 8,300 दाणे. 70 टक्के उगवणीचे 30 किलो बियाणे पेरले की 1 लाख 75 हजार झाडे मिळतात; रूढ 30 किलोचा आकडा या हिशेबात चपखल बसतो. उगवण 85 टक्के असेल तर 25 किलोत काम होते. बीबीएफला एकरी 22 किलो सांगितले जाते ते चांगल्या उगवणीच्या भरवशावर. तीच पिशवी 65 टक्क्यांची निघाली तर मीटरमध्ये 13 झाडे राहतात आणि मग ‘बीबीएफने पीक विरळ झाले’ असा बोभाटा होतो. वाणागणिक दाण्याचे वजन बदलते, तेव्हा शंभर दाणे खरोखरच तोलून पाहावेत. सोनाराचा काटा प्रत्येक बाजारगावात असतो.

बीजप्रक्रियेचा क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कार्बोक्झिन अधिक थायरम किलोला 3 ग्रॅम, ते सुकल्यावर खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली, आणि पेरणीच्या थोडे आधी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू दहा किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम. सावलीत सुकवायचे, त्याच दिवशी पेरायचे. फसते कुठे? सगळे एकाच घमेल्यात एकदम कालवले जाते आणि जिवाणू तिथेच मरतात. किंवा पाकिटे मे महिनाभर पत्र्याच्या गोदामात तापलेली असतात, म्हणजे मेलेलीच येतात. बियाण्याला जास्त पाणी लागले तर टरफल सुटते आणि ओले दाणे पेरणी यंत्राच्या तबकडीत अडकून ओळीत हातहातभर नांगे पडतात. प्रक्रिया पट्ट्याच्या कडेला, शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावी. बुरशीनाशक आणि कीटकनाशक हाताळताना हातमोजे हवेत. प्रात्यक्षिकात दाखवायची तीही एक गोष्ट आहे, पण फोटोत ती क्वचितच दिसते.

यंत्राची जुळणी पेरणीच्या सकाळी करावी. चार फणांच्या, 45 सेंमी अंतराच्या यंत्राची कामाची रुंदी 1.8 मीटर. ते 50 मीटर चालवले की 90 चौरस मीटर रान झाले, म्हणजे एकराचा 45 वा हिस्सा. एकरी 22 किलो पाडायचे असेल तर चारही नळ्यांना बांधलेल्या पिशव्यांत मिळून 490 ग्रॅम बी पडले पाहिजे, नळीमागे साधारण 122. एका नळीत 90 आणि दुसरीत 150 पडत असेल तर बेरीज बरोबर येऊनही शेतात एक ओळ दाट आणि एक विरळ दिसते. ही तपासणी प्रक्रिया केलेले बियाणेच घालून करायची, कारण पूड लागलेला दाणा कोऱ्या दाण्यासारखा घसरत नाही. ट्रॅक्टरचा वेगही पेरताना ठेवणार तोच.

खोली 3 ते 4 सेंमी. भुसभुशीत काळ्या रानात बीबीएफचे फण सहज 6-7 सेंमीपर्यंत उतरतात, वरून पाऊस पडून पापुद्रा धरला की कोंब मान मोडून बसतो. पहिल्या फेऱ्यात पाच ठिकाणी माती उकरून दाणा कुठे पडला ते पट्टीने बघावे. दोन फेऱ्यांमधली सरीही मोजावी. चालकाची रेघ चुकली की 1.8 मीटरचा गाळा (एका सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंतचे अंतर) 2 मीटरचा होतो, आणि मग एकरातल्या ओळीच कमी होतात.

पेरणीची तारीख दोन्ही पट्ट्यांची एकच हवी, आणि 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वाफसा आल्यावरचीच. इथे खरी अडचण यंत्राची आहे. गावात बीबीएफ यंत्र एक, प्लॉट दहा आणि वाफसा तीन दिवसांचा. तिफणीचा पट्टा सोमवारी पेरून झाला आणि यंत्र शनिवारी आले, मध्ये पाऊस पडून गेला, तर तो प्लॉट प्रात्यक्षिक म्हणून रद्द समजावा. दहा प्लॉट उशिरा पेरण्यापेक्षा तीन वेळेवर पेरावेत. लक्ष्यांकाचा तक्ता हे मान्य करणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

त्यानंतरचे एक पथ्य कोणत्याच पुस्तिकेत नसते. घरच्यांचा जीव प्रात्यक्षिकाच्या पट्ट्यावर जडतो. खुरपणी आधी तिथे, कोळपे आधी तिथे, फवारणीचा पंप भरला की पहिली फेरी तिथे. तुलनेचा पट्टा आठ दिवस तणात राहतो. हे कोणी लबाडीने करत नाही, कौतुकाने करते. तरी दोन्ही पट्ट्यांचे काम एकाच दिवशी झाले की नाही, हे सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीच्या कृषी सहायकाने) वहीत लिहायला हवे.

शेतकऱ्यांना शेतात बोलवायचे ते मंडप घालून एकदा नव्हे, चार वेळा. पहिल्यांदा पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी. प्रत्येक पट्ट्यात दहा ठिकाणी मीटरभर ओळीतली रोपे मोजायची. पुढचा निम्मा निकाल इथेच कळतो. दुसऱ्यांदा 35 ते 40 दिवसांनी, आणि ही भेट सर्वांत मोलाची. खुरप्याने मातीसकट पाच-पाच झाडे उचलायची (उपटली तर गाठी मातीत राहतात), बादलीत हलक्या हाताने धुवायची, मुळांवरच्या गाठी मोजायच्या आणि नखाने फोडून पाहायच्या. आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठ काम करते आहे, हिरवट-राखाडी असेल तर नुसती बसून आहे. त्यासाठी पेरताना चार ओळी जिवाणूंशिवाय सोडलेल्या हव्यात. मात्र एक प्रामाणिकपणा हवा. जिथे दहा-पंधरा वर्षे सोयाबीनवर सोयाबीन चालू आहे तिथे हे जिवाणू मातीत आधीच असतात आणि फरक थोडाच दिसतो. तसे दिसले तर तसेच सांगावे. त्याच भेटीत खोड उभे चिरून खोडमाशीची लालसर नागमोडी वाट दाखवावी, चक्रीभुंग्याच्या दोन खाचांमधले सुकलेले देठ दाखवावे, दोन ओळींत कापड पसरून झाडे हलवून अळ्या मोजायला शिकवावे. मीटरभर ओळीत फुलोऱ्यापूर्वी तीन-चार अळ्या भरेपर्यंत फवारणीची घाई नको, हे सांगून पटत नाही, मोजून पटते. 2008 साली पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचा फडशा पाडला, त्यानंतर 2009-10 पासून क्रॉपसॅप या राज्याच्या प्रकल्पाचे कीड सर्वेक्षण उभे राहिले. त्याचा गाभा असाच मोजण्याचा आहे. तिसरी भेट शेंगा भरताना, चौथी कापणीला.

भेटीची वेळ सकाळी अकराची ठेवली की बाया येत नाहीत. त्या वेळी त्या रानात खुरपत असतात, आणि सरीतून चालायला जड जाते का, शेंग जमिनीला टेकते का, कापणीचे गुत्ते वाढवून मागावे लागेल का, हे त्यांनाच आधी कळते. बटईने करणाऱ्याचेही तेच. सातबारा त्याच्या नावावर नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून निरोप नाही. जमीन कसतो मात्र तोच.

आता ज्याच्यावर सगळा डोलारा उभा असतो ती कापणी. उत्पादन मोजायला आखतात ती नेहमीची 10 बाय 5 मीटरची चौकट बीबीएफला बसत नाही, कारण 5 मीटरला 1.8 ने पुरा भाग जात नाही. चौकटीत सरी किती आली यावर आकडा वर-खाली होतो. त्याऐवजी तीन वरंबे घ्यावेत: सरीच्या मध्यापासून सरीच्या मध्यापर्यंत, 5.4 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब. तुलनेच्या पट्ट्यात 12 ओळी, म्हणजे तेच 5.4 मीटर. दोन्हीकडे 54 चौरस मीटर. आलेल्या वजनाला 75 ने गुणले की एकरी उत्पादन. गाळा 1.8 चा नसेल तर जो मोजला असेल तो धरून क्षेत्र काढावे.

इथे एक चलाखी चालते, कधी जाणून, कधी नकळत. टेप एका वरंब्याच्या पहिल्या ओळीपासून चौथ्या ओळीपर्यंत धरला जातो. ते अंतर 1.35 मीटर भरते आणि सरीची जागा हिशेबातून गळते. उत्पादन कागदावर एक तृतीयांशाने वाढते. बीबीएफच्या काही नेत्रदीपक आकड्यांचे गुपित एवढेच असू शकते. सरी हीदेखील शेतकऱ्याचीच जमीन आहे, तिचाही शेतसारा भरावा लागतो.

चौकटी प्रत्येक पट्ट्यात तीन, आणि जागा चिठ्ठ्या टाकून. कोपऱ्यापासून लांबीत किती पावले, रुंदीत किती पावले याच्या चिठ्ठ्या गावातल्या कोणीही उचलाव्यात. ‘इथे बरे दिसते’ म्हणून बोट दाखवायचे नाही. बांधापासून दोन मीटर सोडावेत. चौकटीतले पीक ताडपत्रीवर स्वतंत्र वाळवून, स्वतंत्र मळून तोलायचे. सगळ्या शेताच्या बनीमीत (कापलेल्या पिकाच्या गंजीत) ते मिसळले की संपले.

तोलताना ओलावा मोजलाच पाहिजे, तोही दोन्ही पट्ट्यांचा. 12 टक्के ओलाव्यावर आणायचे तर वजनाला शंभरातून मोजलेला ओलावा वजा करून गुणायचे आणि 88 ने भागायचे. चौकटीत 12.4 किलो निघाले आणि ओलावा 18 टक्के असला तर खरे वजन 11.55 किलो. एकरी 930 किलो नव्हे, 867. हे 63 किलो म्हणजे पाणी, आणि मोंढ्यात आडत्या ते पाणी कापूनच पैसे देतो. दोन पट्ट्यांची कापणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने झाली तर निव्वळ ओलाव्याने एवढा फरक पडतो.

पैशाचा हिशेब मांडताना अहवालात उत्पन्नाला हमीभावाने गुणतात. 2024-25 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि मोंढ्यात बराच काळ त्याहून कमी दर मिळत होता. आडत्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, जो दर आहे तो धरावा, कडता आणि हमाली वजा करून. खर्चाच्या बाजूला बीबीएफचे भाडे, चालकाची मजुरी, घरच्या माणसांचे दिवस आणि फुकट मिळालेल्या संचाची बाजारातली किंमतही लिहावी. पिशवी यंदा फुकट असली तरी शेजाऱ्याला पुढच्या वर्षी ती विकतच घ्यायची आहे. बचतीच्या बाजूला बियाण्याचे एकरी सात-आठ किलो येतात, ते मात्र खरे आहेत आणि पाऊस कसाही पडला तरी मिळतात.

राहिला प्रश्न फसलेल्या प्लॉटचा. अतिवृष्टीत बुडालेले प्लॉट ‘नैसर्गिक आपत्तीमुळे वगळले’ म्हणून सरासरीतून काढले जातात. बीबीएफचा दावाच मुळी जास्तीचे पाणी काढून देण्याचा आणि खंडात ओल धरण्याचा असताना, परीक्षेच्या दिवशीच विद्यार्थ्याला सुट्टी देण्यासारखे हे आहे. ऑगस्ट 2023 चा लांबलेला खंड आणि सप्टेंबर 2025 मधली मराठवाड्यातली अतिवृष्टी ही दोन्ही टोके याच शिवारांनी पाहिली. साचलेले पाणी सरीने काढले असेल. नदी-ओढ्याचे पाणी शेतावरून वाहिले तिथे सरी काय करणार? या दोन स्थिती वेगळ्या नोंदल्या तरच पुढे सांगता येईल की बीबीएफ कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये. एकाच गावात, त्याच शेतांत सलग तीन हंगाम पट्टे ठेवले तर असे पावसाचे निरनिराळे नमुने त्यात सापडतात. दरवर्षी नवे गाव धरण्यात लक्ष्यांक पुरा होतो, माहिती साचत नाही.

नुसती सरासरीही छापू नये. समजा दहा प्लॉटमध्ये सरासरी दीड क्विंटल वाढ आहे. त्यात सात प्लॉटमध्ये अडीच क्विंटल वाढ आणि तीनमध्ये पाऊण-एक क्विंटल घट असू शकते. ते तीन हलक्या, मुरमाड रानाचे निघाले तर तीच त्या वर्षाची सर्वांत उपयोगी बातमी, आणि सरासरीत नेमकी तीच पुरली जाते.

म्हणून कृषी विभाग, कृषी विज्ञान केंद्रे आणि विद्यापीठाच्या विस्तार विभागाकडे आमची मागणी मर्यादित आहे. तुलनेचा पट्टा नसलेला प्लॉट प्रात्यक्षिकांच्या संख्येत धरू नये. फुकट संचाच्या रकमेतला काही भाग बाजूला काढून, प्रात्यक्षिकाच्या पट्ट्यात तुलनेपेक्षा कमी पिकले तर ती तूट शेतकऱ्याला भरून द्यावी. मग वाईट आकडा लपवण्याचे कारण त्याला उरणार नाही, आणि ज्याला आज जोखीम परवडत नाही असा दोन एकरवालाही पुढे येईल. प्लॉटच्या फलकावर मान्यवरांच्या नावांऐवजी दोन्ही पट्ट्यांची पेरणीची तारीख, वाण, बियाण्याची उगवण, एकरी प्रमाण आणि खर्च लिहावा. कापणीच्या सहाही चौकटींची वजने, ओलाव्यासकट, दिवाळीपूर्वी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावीत.

लागणारी साधने म्हणजे 30 मीटरचा टेप, तराजू, गोणपाट, ताडपत्री आणि मंडळात एक ओलावा मापक. पाकिटे आणि पिशव्या मात्र मृगाच्या किमान दहा दिवस आधी गावात पोहोचायला हव्यात, नाहीतर उगवण चाचणीला वेळ राहत नाही.

आपले,
कृषी विस्ताराच्या कामातील काही वाचक, लातूर